डाव्या हाताला कर्नल, उजव्या हाताला वकील

सोमवार, ३ मार्च

दुकान उघडायच्या आधीच मालकीणबाईंनी वर बोलावलं. मला आणि लिपस्टिकबाईंना. दोघांना एकदम. यातच काय ते आलं.

आमचे खरेदीप्रमुख महिनाअखेर घरी बसणार. गुडघे गेले म्हणतात. गेल्या दहा वर्षांत मी त्यांना खुर्चीतून उठलेलं पाहिलेलं नाही, तेव्हा गुडघे कशाने गेले देव जाणे. कोणता परफ्यूम दुकानात ठेवायचा आणि कोणता आल्या पावली परत पाठवायचा, हे त्या खुर्चीतून ठरतं. ती खुर्ची माझी आहे हे दुकानातल्या फरशीलाही ठाऊक आहे. सव्वीस वर्षं मी पुरुषांच्या परफ्यूमच्या काउंटरवर उभा आहे. माझ्यामागे मला 'नाक' म्हणतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. कळतं, आणि बरंही वाटतं.

लिपस्टिकबाई तीन वर्षांपूर्वीपर्यंत दुसऱ्या मजल्यावर ओठ रंगवत होत्या, गिऱ्हाइकांचे. तिथून उचलून त्यांना बायकांच्या परफ्यूमवर आणलं. आणि आज मालकीणबाई म्हणतात, "तुमच्या दोघांपैकी एकाला ती जागा द्यायची आहे." मी हसलो. मला वाटलं थट्टा चाललीय. लिपस्टिकबाई हसल्या नाहीत, तेव्हा कळलं की थट्टा नाही.

परीक्षा अशी: पुरुषांचे दोन नवे परफ्यूम आलेत, दोन्ही बड्या घरचे. दारासमोरच्या काचेच्या कपाटात एकच बसेल. आम्ही दोघांनीही दोन्ही रोज अंगावर लावायचे, निरीक्षण करायचं आणि एकवीस तारखेला लेखी अहवाल वाचून दाखवायचा. ज्याचा अहवाल चांगला, त्याची खुर्ची.

म्हणून ही वही. रोज जमेल तसं टिपेन. खरं तर गरज नाही. दोन दिवसांत निकाल लागेल.

मंगळवार, ४ मार्च

दोन्हींची मूळ नावं तोंडात मावत नाहीत, म्हणून मी बारसं करून टाकलं. चामड्याचं जाकीट घातलेली जाडजूड बाटली तो कर्नल. करड्या काचेची, काडीपैलवान बाटली तो वकील.

डाव्या मनगटावर कर्नल, उजव्या मनगटावर वकील. वेळ सकाळी सव्वाआठ.

कर्नल खोलीत शिरतो तोच खाकरत. चामडं, तंबाखू, धूर, आणि खाली कुठेतरी जुन्या लाकडी कपाटाचा वास. कुणी विचारलेलं नसताना लढाईच्या गोष्टी सांगणारा माणूस. पण माणूस आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला.

वकील पहिली दहा मिनिटं मुद्देसूद बोलला. मिरी, लिंबाची साल, जरा कोरडं लाकूड. मी म्हटलं, वा. साडेआठला पुन्हा मनगट नाकाशी नेलं तर मागमूस नाही. गाशा गुंडाळून पसार. पुन्हा मारला. पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत नऊ वेळा मारला असेल. नऊही वेळा पंधरा मिनिटांत चिडीचूप. एवढ्या भारी बाटलीत कंपनीने सुगंधी पाणी भरून पाठवलंय आणि वर झाकणावर चांदीचा पट्टा लावलाय. निर्लज्जपणाला काही सीमा?

बुधवार, ५ मार्च

लिफ्टमनचं काहीतरी बिनसलंय. मी आत शिरलो तसा तो बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही जा वर, बटण चारचं." मी म्हटलं, तुझं काम काय मग? तर म्हणतो, "मला जरा हवा खाऊ द्या." कामाच्या वेळी हवा खातात ही मंडळी. पुढे मालकीणबाईंच्या कानावर घातलं पाहिजे.

वकील: आज बारा वेळा. व्यर्थ.

शुक्रवार, ७ मार्च

बायकोने बिछाना बाहेरच्या खोलीत नेला. कारण विचारलं तर म्हणे डोकं दुखतं. खिडक्या सताड उघड्या टाकून बसते आणि मी कामावरून आलो की हिला नेमकी गच्चीवरचे कपडे काढायची आठवण येते.

मला कळतं ते. नवरा वर चढणार म्हटल्यावर काही बायकांना धसका बसतो. माणूस बदलेल, घराकडे बघणार नाही, असं काहीतरी डोक्यात घेतात. मी समजूत घालायला गेलो, "अगं, खुर्ची मिळाली तरी मी तोच राहणार आहे." तर म्हणाली, "तीच तर काळजी आहे." या उत्तराला काही अर्थ आहे का?

या परीक्षेत तिचं मत घ्यायचा प्रश्नच नाही. हिला नाकच नाही. जगात दोनच वास ओळखते, बरा आणि घाण. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यातली सव्वीस मी या धंद्यात काढली, पण चंदन आणि देवदार यांतला फरक अजून सांगता येत नाही. मी समजावणं कधीच सोडून दिलं.

रविवार, ९ मार्च

लेक आली होती, नातीला घेऊन. नात चार वर्षांची. मी हात पुढे केले तर आईच्या पायांमागे लपली आणि म्हणाली, "आजोबांचा वास टोचतो."

लेक लगेच म्हणाली, "बाबा, ती तापातून उठलीय ना, चिडचिडी झालीय." ताप कुठला? पोर घरभर उड्या मारत होती. लाडावून ठेवलीय. वास टोचतो म्हणे! टोचायला मी काय सुई आहे? आणि माझ्या अंगावर तेव्हा होता कोण, तर वकील. म्हणजे काहीच नाही.

तासाभरात लेक निघालीसुद्धा. एरवीही ती कधी गळ्यात पडणाऱ्यांतली नाही. दारातूनच हात हलवते. हिच्यावर गेलीय, कोरडी.

बुधवार, १२ मार्च

आज लिपस्टिकबाईंचं संशोधन पाहिलं आणि करमणूक झाली. बाई दर दोन तासांनी काउंटर सोडतात आणि आपला हात घेऊन दुकानभर फिरतात. दारावरचा रखवालदार, वर कोट लहानमोठे करून देणारा शिंपी, फरशी पुसणाऱ्या मावशी. सगळ्यांना हात हुंगायला लावतात आणि विचारतात, "येतो का? किती? कशासारखा?" आणि वहीत लिहितात. रखवालदाराने काय सांगितलं असेल? त्याला बूटपॉलिशच्या पलीकडे काही ठाऊक आहे का?

मी न राहवून विचारलंच, "स्वतःचं नाक कुठे हरवलं की काय?"

त्या म्हणाल्या, "सर, स्वतःच्या अंगावरचा वास आपल्याला थोड्या वेळाने कळेनासा होतो. म्हणून दुसऱ्यांना विचारते."

"ते नवशिक्यांचं होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि माझ्या उजव्या हाताकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. नंतर म्हणाल्या, "सर, उजव्या हाताला किती मारलाय आज?" मी म्हटलं, हा माझा अहवाल आहे, तुम्ही तुमचा बघा. दुसऱ्याच्या वहीत डोकावायची ही सवय लिपस्टिक विकताना लागली असणार.

शनिवार, १५ मार्च

एक गिऱ्हाईक आलं. नवा सूट, नवी नोकरी, चेहऱ्यावर नवेपणा. म्हणाला, नवे आलेत ते दाखवा. मी त्याला वकिलाची खरी लायकी दाखवायची म्हणून दोन्ही मनगटांवर, मानेवर, कोटाच्या आत, सगळीकडे मारला. दहा-बारा फवारे सहज. म्हटलं, बघा, अर्ध्या तासात तुम्हीच सांगाल की उडाला.

तासाभराने हा पठ्ठ्या परत, डोळे लाल, बरोबर बायको. बायको म्हणते, "हे काढून द्या." मी म्हटलं, "बाई, परफ्यूम म्हणजे काय डाग आहे काढून द्यायला?" ती म्हणाली, "टॅक्सीवाल्याने आम्हाला अर्ध्या वाटेत उतरवलं!" टॅक्सीवाल्यांची मिजास तर विचारूच नका. शेवटी लिपस्टिकबाई त्या माणसाला आत नेऊन कसल्यातरी ओल्या कपड्याने पुसत बसल्या. फुकटचा चांगुलपणा.

आजकाल नवी पिढीच नाजूक आहे. मिऱ्याच्या वासाने डोळे लाल होतात यांचे.

सोमवार, १७ मार्च

अहवालाचा कच्चा मसुदा झाला. झक्कास उतरलाय. एक परिच्छेद इथे उतरवून ठेवतो:

"दुसरा परफ्यूम हा परफ्यूमच नाही. पंधराव्या मिनिटाला तो नाहीसा होतो आणि अंगावर उरते ती केवळ किमतीची आठवण. हा माल स्वीकारणं म्हणजे दुकानाच्या नावावर पाणी सोडणं होय. कंपनीला खडसावून जाब विचारावा, अशी माझी शिफारस आहे."

वाचून स्वतःवरच खूश झालो. एकवीसला त्या कंपनीचा माणूसही हजर असणार आहे. त्याच्या तोंडावर वाचणार. लिपस्टिकबाईंच्या तक्त्यांत हा जोर कुठून येणार?

मंगळवार, १८ मार्च

डोकं तडकलंय. रागात लिहितोय, अक्षर समजून घ्या. कुणाला सांगतोय मी? असो.

दुपारी लिपस्टिकबाईंनी मला मागच्या कोठीत बोलावलं. खोक्यांच्या मध्ये उभ्या राहून म्हणाल्या, "सर, वाईट वाटून घेऊ नका. मी हे कुणाला बोललेली नाही. तुमच्या नाकाला वकील येत नाही."

(वकील हे नाव आता सगळ्या दुकानात झालंय. तेही माझंच.)

मी म्हटलं, "येत नाही, कारण तो नाहीच."

"आहे, सर. मला आत्ता तीन हात लांबून येतोय. त्याच्या तळाशी कस्तुरीसारखं एक द्रव्य असतं, कारखान्यात बनवलेलं. त्याचे बरेच प्रकार आहेत. एखाद्या नाकाला त्यातला एखादा प्रकार मुळात कळतच नाही. त्यात कमीपणा नाही. मला स्वतःला एक येत नाही, पावडरच्या डब्यांत असतो तो. मी वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवलंय. तो आला की मी दुसऱ्याला हुंगायला देते."

"वा! तीन वर्षांत डॉक्टरपण झालात!"

"लिफ्टमन मालकीणबाईंकडे तक्रार घेऊन निघाला होता," त्या म्हणाल्या. "मी थांबवलं त्याला. तुम्ही शुक्रवारी कंपनीच्या माणसासमोर तो अहवाल वाचलात, तर सगळ्या खोलीला वास येत असेल आणि तुम्ही म्हणत असाल वास नाही. मला ते बघवणार नाही."

मग तीन कागदी पट्ट्या काढल्या. दोन कोऱ्या, एकीवर सकाळी मारलेला वकील. म्हणाल्या, डोळे मिटून ओळखा.

मी काय शाळेतला पोरगा आहे? सव्वीस वर्षांनी माझी परीक्षा ही बाई घेणार? मी सांगितलं, "तुम्हाला ती खुर्ची हवी आहे, सरळ सांगा ना. माझ्या नाकाला कशाला हात घालता?" आणि निघून आलो. काय साळसूदपणा! बघवणार नाही म्हणे. मला पाडायचं, आणि वर हळहळायचं.

बुधवार, १९ मार्च

काउंटरमागे जाऊन स्वतःच तीन पट्ट्या केल्या, एकीवर वकील, दोन कोऱ्या. डोळे मिटून ओळखली. बरोबर आली. तिन्ही वेळा.

अर्थात कोणत्या हातात कोणती आहे हे मलाच माहीत होतं.

गुरुवार, २० मार्च

माझा सुट्टीचा दिवस. हे सगळं लिहावं की नाही ठरत नव्हतं. लिहितो. वही माझी आहे, कोण वाचतंय.

सकाळी बायकोला म्हटलं, "एक काम कर. गंमत म्हणून." तिने हात पुसले आणि समोर बसली. तिला पट्ट्या दिल्या, बाटली दिली, आणि मी पाठ करून बसलो. तिने एकीवर मारायचा, सुकू द्यायचा, तिन्ही मिसळायच्या आणि एकेक माझ्या नाकाखाली धरायची.

पहिल्यांदा चुकलो. दुसऱ्यांदा चुकलो. तिसऱ्यांदा बरोबर आली, तेव्हा मी म्हटलं, "बघ!" चौथ्यांदा चुकलो. पाचव्यांदाही. मी म्हटलं, तू पट्ट्या मिसळताना गोंधळ केलास. तिने खाली पेन्सिलने खूण केली होती, ती दाखवली.

मग मी पट्ट्या केल्या आणि ती ओळखायला बसली. पाचातल्या पाच. पाचव्या वेळी तर ती स्वयंपाकघरात गॅस बंद करायला गेली होती. दारातूनच म्हणाली, "तुमच्या डाव्या हातात आहे."

मी पट्ट्या टेबलावर ठेवल्या. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, हा तुमच्या रोजच्या सेंटचाच मोठा भाऊ आहे."

"कुठल्या रोजच्या?"

"तुम्ही दुकानात लागल्यापासून लावता तो."

तो मी लावतो कारण तो इतका फिका आहे की कामात आड येत नाही. निदान माझी अशी समजूत होती. रोज सकाळी सात-आठ फवारे. मला कधी जाणवलासुद्धा नाही.

"डोकं दुखतं त्याने," ती म्हणाली. "पहिल्या वर्षीच सांगितलं होतं मी."

"मग मी काय म्हणालो?"

"म्हणालात, तुला नाक नाही."

हे ती रागाने बोलली असती तर मी भांडलो असतो. ती टेबलावरच्या पट्ट्या गोळा करत बोलली. सव्वीस वर्षं. मला शरम वाटली, सरळ सांगायचं तर. लेक दारातून हात हलवते तेही डोक्यात आलं, आणि मग ते डोक्यातून जाईना.

पण उद्या अहवाल आहे. मसुदा फाडला आणि नव्याने लिहायला बसलो, तर लिहायला काहीच नाही! वकिलाबद्दल मला पंधरा मिनिटांपलीकडचं काही माहीतच नाही. तेव्हा नाइलाजाने हिला बसवलं. मनगटं साबणाने तीनदा धुतली, दोन्हीकडे एकेकच फवारा मारला आणि दर दोन तासांनी तिच्यापुढे हात धरला. मी विचारायचं, तिने सांगायचं, मी लिहायचं.

साडेनऊ, वकील: "नुकत्याच इस्त्री केलेल्या कॉलरचा."

साडेअकरा: "कुणीतरी पेन्सिल छिललीय. लिंबाची सालही नखाने खरवडलीय, पण मघाशी, आता नाही."

मी म्हटलं, अगं, याला शास्त्रीय नावं असतात. ती म्हणाली, "मग ती लिहा." मी थोडा विचार केला आणि पेन्सिलच लिहिली.

दीड: "आता गप्प बसलाय. पण खोलीत आहे."

कर्नलबद्दल: "मोठ्याने बोलणारे मामा असतात ना, तसा. आल्या आल्या धडकी भरते, आणि जेवण झालं की घोरतात." हे मात्र अचूक होतं. मलाही कर्नल दुपारपुरताच आला होता. मी तो उगाच मर्द म्हणून डोक्यावर घेतला होता.

साडेतीन: "कुणी उठून गेल्यावर खुर्ची ऊबदार राहते ना, तसा."

साडेपाच: "अजून आहे. आता छान वाटतोय. एकच फवारा मारला तर चांगला आहे हो हा. तुम्ही त्याने आंघोळ करत होतात."

लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. एका ठिकाणी म्हणाली, "घोरतात नको, झोपतात करा. मालकीणबाईंना बरं दिसेल." मी झोपतात केलं.

शुक्रवार, २१ मार्च

आधी लिपस्टिकबाई. चौदा माणसं, प्रत्येकाची पाच निरीक्षणं, तास आणि मिनिटं. रेल्वेचं वेळापत्रक. निष्कर्ष: वकील ठेवावा, कमी मारावा. कंपनीचा माणूस जांभई दाबत होता.

मग मी. पहिल्या वाक्यालाच मालकीणबाईंनी चष्मा काढून ठेवला. मामांवर सगळे हसले. खुर्चीच्या वाक्यापाशी कंपनीच्या माणसाने पेन काढलं. मालकीणबाई म्हणाल्या, "ते खुर्चीचं पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. खरेदीप्रमुखांनी आपल्या खुर्चीच्या हातावर हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. कंपनीच्या माणसाने ते वाक्य जाहिरातीत वापरायची परवानगी मागितली. मी दिली.

जागा मला मिळाली. एक तारखेपासून. जाणारे प्रमुख नुसते नावाला आहेत, तेव्हा सोमवारपासूनच नवा माल माझ्याकडे येणार.

लिपस्टिकबाई या गोष्टीचा बभ्रा करणार अशी माझी खात्री होती. त्या एकट्याच जाणत होत्या की हे माझ्या नाकाचं काम नाही. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. पण खोलीत त्यांनी वाच्यता केली नाही. जिन्यात मात्र गाठलं. म्हणाल्या, "अहवाल फार सुंदर होता, सर. घरी सांगा बाईंना." आणि खाली उतरून काउंटरवर गेल्या.

घरी आल्यावर हिला सांगितलं, मिळाली. हिचा चेहरा खुलला. विचारलं, "काय म्हणाल्या?"

"अहवाल आवडला त्यांना."

"मग? काय सांगितलंत?"

"कशाबद्दल?"

"अहवालाबद्दल. कुणी सांगितलं ते."

मी म्हटलं, "विषय निघाला नाही." आणि निघाला नव्हताच. कुणी विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. आणि शब्द तिचे असले तरी त्यांची मांडणी माझी आहे, अक्षर माझं आहे, कुठे काय यावं ही दृष्टी माझी आहे. कुठल्याही बाईला पेन्सिलचा वास सांगता येईल, पण तो अहवालात कुठे बसवायचा हे कळायला अनुभव लागतो.

तेवढ्यात मालकीणबाईंचाच फोन आला, घरच्या नंबरवर, आणि तो हिने उचलला. मी शेजारीच होतो, सगळं ऐकू येत होतं. "काय लिहितात हो तुमचे मिस्टर! ती ऊबदार खुर्ची माझ्या डोक्यातून जातच नाहीये. माझे हे गेल्यापासून असं कुणी बोललं नव्हतं." हिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"हो ना," ही फोनवर म्हणाली. "त्यांचं नाक पहिल्यापासूनच तिखट."

फोन ठेवला आणि ताटं घ्यायला आत गेली. समजूतदार आहे. मी आजवर तिची जरा कमीच किंमत केली. पुढच्या महिन्यात साडी घेऊन देईन म्हणतो.

सोमवार, २४ मार्च

नव्या सात बाटल्या आल्या. बुधवारी बैठक, सातांतून दोन निवडायच्या. मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्या खास भाषेत येऊ द्या." मी सातही पिशवीत घालून घरी आणल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. हात धुतले, वही उघडली, हिला हाक मारली.

बाहेरच्या खोलीत भाजी निवडत बसली होती. तिथूनच म्हणाली, "राहू द्या तिथेच. मला सर्दी झालीय."

मी म्हटलं, "कधी झाली?"

"शुक्रवारी. फोन ठेवल्यावर."

"मग औषध घे. डॉक्टरकडे जाऊ या."

"डॉक्टरांच्या हातात नाही ते," ती म्हणाली. "फोन तिथेच आहे. मालकीणबाईंशी बोलून घ्या, लगेच उतार पडेल."

म्हणजे धमकीच की! स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोकडून. असल्या अडाणी हट्टापुढे मी झुकणार नाही. मला गरजही नाही. मी एकट्याने सातही बाटल्या घेतल्या. सहांचा वास व्यवस्थित आला. सहा पानं लिहिली, शास्त्रीय नावांसकट. वाचून पाहिली. मेलेल्या माणसाने लिहिल्यासारखी वाटली.

सातवी मनगटावर मारली. सुरुवातीला थोडं आलं, काहीतरी हिरवं. पंधरा मिनिटांनी काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. ती पाणी आहे, की दुकानातली सर्वांत चांगली बाटली आहे, हे मला सांगता येत नाही. हात समोर धरून बसलोय आणि काहीही सांगता येत नाही.

तासभर झाला. बाहेर ही काहीतरी गुणगुणत शेंगा मोडतेय. आवाज खणखणीत आहे. शुक्रवारपासून एकदाही शिंकलेली नाही. मी मघाशी दारात जाऊन उभा राहिलो, तर वर न बघता म्हणाली, "सातवी ना? येतोय मला इथवर." आणि पुढची शेंग मोडली.

मालकीणबाई सात वाजेपर्यंत फोन घेतात. साडेसहा झालेत.